‘राहून गेलं’ हे दोन शब्द आधी खोड

आलेलं पत्र (ओळख पटू नये म्हणून थोडं कापून):

ताई, मी अमेरिकेत एका रिजनल (छोट्या मार्गांवरच्या) एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. वय ३१, एम्ब्रेअर १७५ वर उडतो, एकूण तास २,९०० च्या आसपास. कॅप्टनच्या अपग्रेडचा नंबर चार-पाच महिन्यांत लागेल. दोन मेजर, म्हणजे मोठ्या विमान कंपन्यांचे अर्ज अर्धे भरून पडलेत.

२०२३ च्या मार्चमध्ये पहाटेच्या पहिल्या फ्लाइटला वॉक-अराउंड (विमानाभोवती फिरून करायची तपासणी) माझ्याकडे होता. विमान रात्रभर मेंटेनन्सकडे होतं, बाहेर पाऊस होता. नोज गिअरची, म्हणजे पुढच्या चाकाची, जमिनीवर असताना लावून ठेवतात ती पिन काढायची राहून गेली. चेकलिस्टवर कॅप्टननी विचारलं तेव्हा माझ्याकडून ‘रिमूव्ड’ म्हटलं गेलं. उडाल्यावर चाकं वर येईनात, परत येऊन उतरलो. कुणाला काही झालं नाही. आम्ही दोघांनी त्याच दिवशी एसॅप (ऐच्छिक सुरक्षा) रिपोर्ट टाकला, तरी कंपनीने लेखी ताकीद दिलीच. करारात २४ महिन्यांनी ती फाइलमधून काढायची तरतूद आहे. तशी ती काढलीही.

आता नवीन भानगड. मी दुसऱ्या शहरातून जंपसीटवर (कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसून) ड्युटीला येतो. सहा महिन्यांत दोनदा रिपोर्ट टाइमला पोचणं झालं नाही. दुसऱ्यांदा तर बर्फामुळे फ्लाइटच रद्द झाली होती. मला ३ दिवसांचं बिनपगारी सस्पेन्शन दिलंय. चीफ पायलट स्वभावाने चांगले आहेत. म्हणाले, “सही करून टाक, ग्रिव्हन्सच्या नादाला लागू नकोस, दोन वर्षांत हेही निघून जाईल.” ग्रिव्हन्सची, म्हणजे करारानुसार कारवाईविरुद्ध दाद मागायची, मुदत संपायला सहा दिवस उरलेत. एक मित्र म्हणतो, राजीनामा दे, दुसऱ्या रिजनलला जा, पाटी कोरी होईल. आणि मेजरच्या अर्जात जुनी ताकीद लिहायची का? ती तर आता नाहीच. घरी कुणालाच काही बोललेलो नाही.
– उजव्या सीटवरचा

उजव्या सीटवरच्या भावा,

पत्र आलं त्याच रात्री तुला दोन ओळी पाठवल्या होत्या: आधी युनियनच्या प्रतिनिधीला फोन कर, मुदतीच्या आत ग्रिव्हन्स दाखल कर, बाकीचं सावकाश बोलू. तू ते केलंस, बरं झालं. आता बाकीचं.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य सस्पेन्शनचं नाही. ते आहे, “ती तर आता नाहीच.”

ती आहे, रे. तुझ्या कंपनीच्या कपाटातून गेली, एवढंच. करारातली ती २४ महिन्यांची तरतूद तुझ्या आणि तुझ्या कंपनीमधली आहे. तिचा अर्थ असा, की पुढच्या वेळी तुला शिक्षा करताना कंपनीने हा जुना कागद बाहेर काढायचा नाही. एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाच्या पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसशी, म्हणजे आपण सगळे ज्याला पीआरडी म्हणतो त्याच्याशी, त्या कलमाचा काही संबंध नाही. वैमानिकाच्या कामगिरीशी संबंधित शिस्तभंगाची कारवाई अंतिम झाली, की ३० दिवसांच्या आत ती कंपनीने पीआरडीत नोंदवायची असते, आणि तिथली नोंद तू हयात असेपर्यंत राहते. २४ महिन्यांनी नाही, २४ वर्षांनीही निघत नाही. १० जून २०२२ पासून कंपन्यांना या नोंदी चालू स्वरूपात द्याव्या लागतात. तुझी ताकीद २०२३ ची, आणि विमान घेऊन परत यावं लागलं अशा कारणाची. ती तिथे असण्याचीच शक्यता जास्त.

तू म्हणशील, एसॅप टाकला होता ना? टाकलास ते योग्यच केलंस. अशा ऐच्छिक सुरक्षा रिपोर्टमधून आलेली, संरक्षण असलेली माहिती पीआरडीत टाकायला नियमानेच बंदी आहे. पण तुमचं विमान चाकं खाली घेऊन परत आलं. ते डिस्पॅचने पाहिलं, टॉवरने पाहिलं, मेंटेनन्सने पिन हातात घेऊन पाहिली. कंपनीला ही गोष्ट तुमच्या रिपोर्टमधून कळली नव्हती. एसॅपची छत्री रिपोर्टवर असते, घटनेवर नसते. हा फरक भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून आज रात्री पहिलं काम: पीआरडीच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने लॉगिन कर आणि तुझ्याबद्दल तिथे काय आहे ते वाच. हा तुझा हक्क आहे. कितीतरी पोरं मेजरच्या अर्जावर सही करतात आणि स्वतःचं रेकॉर्ड पहिल्यांदा पाहतात ती मुलाखतीच्या टेबलापलीकडून, उलटं. नोंद चुकीची असेल तर तिथूनच दुरुस्ती मागता येते, आणि कंपनीकडे असे वाद तपासायची पद्धत असणं बंधनकारक आहे. नवी कंपनी तुझं रेकॉर्ड पाहते तीही तुझ्या संमतीने. त्यामुळे कोण काय पाहणार आहे याचा अंदाज तुला आधीच असायला हवा.

आता जरा मागे जाते, कारण हे सगळं कुठून आलं ते माहीत नसेल तर ते नुसतं आपल्याला छळण्यासाठी आहे असं वाटतं. पंचविशीत मलाही वाटायचं.

१३ डिसेंबर १९९४ ला नॉर्थ कॅरोलिनात रॅली-डरहॅम विमानतळाजवळ एक जेटस्ट्रीम पडलं. एका रिजनलचं छोटं विमान, २० जण आत, १५ गेले. चौकशीत निघालं की कॅप्टनची आधीच्या कंपनीतली कामगिरी कच्ची होती, तिथून तो राजीनामा देऊन निघाला होता, आणि नव्या कंपनीपर्यंत त्यातलं काही पोचलंच नव्हतं. १९९६ मध्ये कायदा आला: नव्या कंपनीने आधीच्या कंपन्यांकडून पाच वर्षांचं रेकॉर्ड मागवायचं. कागदाने, फॅक्सने, एकेका कंपनीकडून. मग १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र, बफेलोजवळ कोल्गन एअरची फ्लाइट ३४०७. विमानातले ४९ आणि ज्या घरावर ते पडलं तिथला एक, असे ५० जीव. त्या कॅप्टनने जुन्या फेल झालेल्या चेकराइड्स (उड्डाणाच्या परीक्षा) अर्जात पूर्ण सांगितल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने एकत्रित डेटाबेस करायचा कायदा केला. आणि तो नियम अंतिम स्वरूपात छापून यायला २०२१ चा जून उजाडला. मधल्या काळात, २३ फेब्रुवारी २०१९ ला, ह्यूस्टनजवळ ॲटलस एअरचं मालवाहू बोइंग ७६७ खाडीत कोसळलं, तिघे गेले. तिथेही फर्स्ट ऑफिसरने आधीच्या कंपन्यांमधल्या प्रशिक्षणातल्या अडचणी लपवल्या होत्या, आणि एनटीएसबी या अपघात चौकशी मंडळाने डेटाबेसला झालेल्या उशिराबद्दल एफएएलाही सोडलं नाही. जुनी फॅक्सची पद्धत कायमची बंद झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये.

या सगळ्यात एक गोष्ट पाहा. कायदे झाले ते माणसं चुकली म्हणून नव्हे. चेकराइड फेल होणं हा काही गुन्हा नाही. कायदे झाले ते चुका एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाताना वाटेत गळून पडल्या म्हणून. मेजरमधला निवड करणारा माणूस ही सगळी नावं जाणतो. तुझी पिन पाहून तो घाबरणार नाही. तू पिन सांगितली नाहीस, तर मात्र त्याच्या डोळ्यांपुढे बफेलो उभं राहतं.

मी पाच वर्षं एका मोठ्या कंपनीच्या निवड समितीत बसले, म्हणून टेबलाच्या त्या बाजूचं सांगते. पीआरडीतली शिस्तभंगाची नोंद फार हडकुळी असते. कारवाईचा प्रकार काय (लेखी ताकीद की सस्पेन्शन), तारीख काय, आणि त्यामुळे तुला तात्पुरतं किंवा कायमचं उड्डाणावरून काढलं का. बस. पाऊस नाही, पहाट नाही, कॅप्टन नाही. नव्या कंपनीने मागितलं तर जुन्या कंपनीने जपून ठेवलेले मूळ कागद द्यावे लागतात, पण पहिल्या नजरेला दिसतं ते एवढंच. म्हणजे सांगाडा त्यांच्याकडे असतो आणि मांस तुझ्याकडे. ते तू नीट सांगितलं नाहीस, तर समोरचा स्वतःच्या कल्पनेने भरतो, आणि रोज असली रेकॉर्ड वाचणाऱ्याची कल्पना दयाळू नसते.

एक मुलाखत अजून आठवते. उमेदवार देखणा, तास भरपूर, शिफारशी उत्तम. फॉर्मवर लिहिलेलं, फेल चेकराइड्स: एक. आमच्यासमोरच्या कागदावर दोन. दुसरी नऊ वर्षांपूर्वीची, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (उपकरणांवर विसंबून उडवण्याच्या परवान्याची), विद्यार्थी असतानाची. ती त्याने कबूल केली असती तर कुणी भुवईही उचलली नसती. त्या टप्प्यावर चांगले चांगले फेल होतात. माझ्या शेजारच्या कॅप्टनने फक्त विचारलं, “एकच?” तो म्हणाला, “हो, एकच.” पुढच्या दहा मिनिटांत आम्ही हवामानावर आणि त्याच्या गावच्या बास्केटबॉल टीमवर बोललो. निर्णय झालेला होता.

त्याच आठवड्यात एका मुलीला आम्ही घेतलं. तिच्या नावावर सस्पेन्शन होतं. तिने न विचारता, चार वाक्यांत सांगितलं, आणि पाचवं वाक्य बोलली नाही.

आता तुझ्या चालू प्रकरणाकडे.

चीफ पायलट चांगला माणूस असेल, माझा वाद नाही. पण ‘दोन वर्षांत निघून जाईल’ हे तो स्वतःच्या कपाटाबद्दल बोलतोय. आणि ग्रिव्हन्स केला म्हणजे कंपनीशी भांडण मांडलं असं समजू नकोस. आपल्याकडे वरिष्ठांच्या निर्णयावर दाद मागणं म्हणजे उद्धटपणा अशी एक समजूत असते, ती तुझ्या पत्राच्या ओळींत मला दिसली. इथे ती कामाची नाही. ग्रिव्हन्स हा करारातला नेहमीचा दरवाजा आहे, चीफ पायलटही तो रोज उघडताना पाहतो. त्याचा सरळ फायदा असा: वाद चालू आहे तोवर कारवाई अंतिम मानली जात नाही, आणि जी अंतिम नाही ती पीआरडीत जात नाही. पुढे ती रद्द झाली, तर ती नोंदवायचीच नाही; नोंदवून झाली असेल तर कंपनीने दुरुस्त करायची. मध्येच कुठेतरी तडजोड झाली, म्हणजे सस्पेन्शनची ताकीद झाली किंवा कागदातले शब्द बदलले, तरी तू पुढे आहेस.

शब्दांवरच जरा थांबते. पीआरडीसाठी वैमानिकाची कामगिरी म्हणजे विमान सुरक्षित चालवण्याच्या मूळ कर्तव्यांशी थेट जोडलेली गोष्ट. कम्यूट, म्हणजे दुसऱ्या शहरातून येणं, हुकून ड्युटीला न पोचणं हा हजेरीचा प्रश्न आहे. तो त्या व्याख्येत सहजी बसत नाही. पण सस्पेन्शनच्या पत्रात तो कसा लिहिलाय ते तू मला लिहिलं नाहीस. ‘हजेरी धोरणाचा भंग’ लिहिलंय, की ‘नेमून दिलेल्या फ्लाइटची जबाबदारी सोडली’ असलं काही? पहिलं असेल तर ठीक. दुसरं असेल तर तुझ्या प्रतिनिधीने त्या शब्दांवरच लढायला हवं, तीन दिवसांच्या पगारावर नव्हे. पगार पुढच्या महिन्यात विसरशील. प्रकरण मिटल्यावर महिना-दीड महिन्याने पोर्टल पुन्हा उघडून पाहा, काही नको ते तर चढलं नाही ना.

बर्फाचं म्हणशील, तर ग्रिव्हन्समध्ये त्याचा उपयोग होईल, पण आधी एक विचार: त्या दिवशी तुझ्याकडे पर्यायी फ्लाइट किती होत्या? बहुतेक करारांमध्ये कम्यूट करणाऱ्याला संरक्षण मिळतं ते त्याने वेळेआधी पोचणाऱ्या एकापेक्षा जास्त फ्लाइट धरून ठेवल्या असतील तर. तू शेवटच्या एकीवर विसंबला होतास का? तुझ्या पत्रात ‘फ्लाइटच रद्द झाली’ आहे, एकवचन. मला शंका आली. तसं असेल तर प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत सांग. त्याला सुनावणीत कळलं तर तो तुझ्यासाठी काही करू शकणार नाही. आणि सहा महिन्यांत दोनदा म्हणजे घर बदलायची किंवा क्रॅश पॅडमध्ये (वैमानिकांच्या सामायिक खोलीत) आदल्या रात्री येऊन झोपायची वेळ झाली आहे. महाग पडतं, झोप लागत नाही, बाथरूमला रांग असते, सगळं खरं. मी सहा वर्षं काढली आहेत.

राजीनामा: नको. मित्राला सांग, पाटी कोरी होण्याचे दिवस गेले. कंपनी सोडतोस तेव्हा सोडण्याचीही नोंद जाते: काढलं, वैद्यकीय कारण होतं, की स्वतः राजीनामा दिला. आता तुझी तारीख बघ. सस्पेन्शन, ग्रिव्हन्स, आणि दोन आठवड्यांत राजीनामा. मी समितीत असते तर या तीन तारखा एका ओळीत मांडून पहिला प्रश्न तोच विचारला असता. शिवाय नव्या रिजनलमध्ये तू यादीच्या तळाशी. इतक्या वर्षांची सीनियॉरिटी, चार महिन्यांवर आलेला अपग्रेड, मनासारखी लाइन (महिन्याचं उड्डाण वेळापत्रक), सगळं पाण्यात. उजव्या सीटवर पुन्हा पहिल्यापासून रिझर्व्हवर, म्हणजे बोलावणं येण्याची वाट पाहत, बसायचं, आणि तेही कशासाठी, तर तिथेही तुझ्याबरोबर जाणाऱ्या एका नोंदीपासून पळून.

उलट तू आहेस तिथे किती सुरक्षित आहेस हे तुला कळलेलं नाही. आपल्या धंद्यात घरातल्या घरात बढती कुणी ‘देत’ नाही, सीनियॉरिटी देते. तुझा नंबर लागला, नियमाप्रमाणे लागणारे एअरलाइनचे १,००० तास झालेले आहेत, तर जुनी ताकीद तुला डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटपासून सहसा रोखत नाही. ट्रेनिंगमध्ये कुणी जास्त बारकाईने बघेल, बघू दे. रेकॉर्ड बोलू लागतं ते जिथे कुणीतरी निवड करतं तिथे: चेक एअरमन (इतर वैमानिकांची परीक्षा घेणारा), सिम्युलेटर इन्स्ट्रक्टर, मेजरची मुलाखत. आणि फ्लो किंवा तशा ठरलेल्या वाटेने मेजरला जाण्याचा कार्यक्रम तुझ्या कंपनीत असेल, तर त्याच्या अटींचा कागद आजच काढ. अशा कार्यक्रमांत नोंद स्वच्छ असण्याची किंवा ठराविक काळ कारवाई नसण्याची अट असू शकते. प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे लाउंजमधल्या गप्पांवर जाऊ नकोस.

माझं मत विचारशील तर मेजरचे अर्ज ग्रिव्हन्स निकाली निघेपर्यंत पाठवू नकोस. कॅप्टन हो. डाव्या सीटवर वर्षभर कुरबुरीविना काढलंस, की २०२३ ची पिन आपोआप गोष्टीच्या मध्यावर जाते. आज ती शेवटाला आहे. तुला घाई झालीय, दिसतंय. तुझ्या बॅचची दोघं गेली असणार मेजरला. जाऊ देत.

अर्जाचा प्रश्न मात्र एका ओळीचा आहे. फॉर्म विचारतो ते नीट वाच. ‘तुमच्या फाइलमध्ये आहे का’ असं तो विचारत नाही. ‘तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का’ असं विचारतो. ‘कधी’ला २४ महिन्यांची मुदत नसते. बरेच फॉर्म हजेरीबद्दलही विचारतात, मग पीआरडीत ते असो वा नसो. झालं ते लिही, तारखा पोर्टलवर दिसतात त्याच लिही, महिनासुद्धा इकडचा तिकडे होऊ देऊ नकोस.

आणि आता ते, ज्यासाठी मी शीर्षकात तुझी खोडी काढली.

तुझं पत्र पुन्हा वाच. पिन ‘काढायची राहून गेली’. माझ्याकडून ‘म्हटलं गेलं’. वेळेवर ‘पोचणं झालं नाही’. तीन चुका, आणि तिन्ही वाक्यांत तू नाहीस! आपल्या मराठीत ही सोय फार गोड आहे, दूध उतू जातं, किल्ली हरवते, फोन करायचा राहून जातो. कुणी काही करतच नाही. घरात चालतं. पण तू मुलाखतीत इंग्रजी बोलशील तेव्हाही हेच मराठी मन बोलणार आहे, आणि तोंडातून निघेल, “इट गॉट मिस्ड.” समोरचा कॅप्टन पेन खाली ठेवेल. मी ठेवायचे.

मला हे कसं माहीत? उजव्या सीटवर असताना एका विमानतळावर टॅक्सी करताना आम्ही रनवेच्या अलीकडची थांबायची रेषा ओलांडली. विमान कॅप्टनच्या हातात होतं, माझी मान खाली, मी एफएमएसमध्ये, म्हणजे विमानाच्या मार्ग-संगणकात, बदललेली रनवे भरत होते. दोघांनाही ताकीद मिळाली. पहिल्या मेजरच्या मुलाखतीत मी सगळं खरं सांगितलं: कॅप्टन जोरात टॅक्सी करत होते, रनवे आयत्या वेळी बदलली, रेषा पुसट होती. एकही शब्द खोटा नाही. नकार आला. दीड वर्षाने दुसरीकडे तोच प्रश्न आला. म्हटलं, “टॅक्सी चालू असताना मी मान खाली घातली. बाहेर बघणं माझं काम होतं. आता रनवे बदलली तर मी विमान थांबवायला सांगते आणि मगच टाइप करते. गेल्या महिन्यातच एका कॅप्टनला दोनदा थांबवलं.” विचारणाऱ्याने फक्त एवढंच विचारलं, की तो कॅप्टन चिडला का. चिडला होता. आम्ही हसलो, पुढचा प्रश्न.

तुझी वाक्यं तू लिही, मी लिहून देणार नाही. पाठ केलेलं लगेच कळतं. पण त्यात एवढं असू दे. वॉक-अराउंड मी केला आणि नोज गिअरपाशी टॉर्च खाली नेलाच नाही (की नेलास आणि लाल फीत ओली होऊन पायाला चिकटली होती? नेमकं काय झालं ते तुलाच माहीत). चेकलिस्टवर मी पिना न मोजता उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला पावसापेक्षा हे दुसरं जास्त खटकतं. पावसात पिन न दिसणं मी समजू शकते. कॉकपिटमध्ये, कोरड्या जागेत, प्रश्न ऐकल्यावर न बघता ‘रिमूव्ड’ म्हणणं ही सवय आहे, आणि सवयी एका विमानापुरत्या नसतात. समितीतला अनुभवी माणूस नेमका तिथेच बोट ठेवेल. त्याआधी तू ठेव. आणि त्यानंतर तू काय बदललंस? आता पिना हातात घेऊन मोजतोस का? मेंटेनन्समधून आलेल्या विमानाला वेगळी फेरी मारतोस का? यातलं काहीच करत नसशील तर मुलाखतीची तयारी राहू दे, उद्याच्या फ्लाइटपासून ते सुरू कर.

कॅप्टनला मध्ये आणू नकोस. त्याचीही ताकीद त्याच्या नावावर आहे, तो स्वतःची सांगेल.

घरच्यांचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, म्हणून मीही थोडक्यात. सस्पेन्शन म्हटलं की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे नोकरी गेली असंच चित्र येतं, म्हणून तू बोलत नाहीस, कळतं मला. पण मोठ्याने एकदा कुणाला तरी सांग, सारवासारव न करता. भावाला, बायकोला, जुन्या रूममेटला. फ्लाइंगमधला माणूस नसलेला बरा, कारण तो मध्येच ‘अरे, होतं असं’ म्हणून तुला सोडवणार नाही. तो विचारेल, “म्हणजे तू बघितलंच नाहीस?” त्या प्रश्नावर तुझं तोंड कसं होतं ते आधी घरात कळू दे.

पोर्टलवर मार्च २०२३ ची नोंद दिसली की तिच्यात ‘उड्डाणावरून काढलं’ या रकान्यात काय आहे ते कळव. तुला तेव्हा चौकशीसाठी दोन-चार दिवस घरी बसवलं होतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. बसवलं असेल तर तो रकाना कसा भरलाय यावर पुढचं बोलू.

– ताई